एका अंगावर पडताना

सत्तरी ओलांडलेल्या दोघी जणी. वजन सारखं, अंगकाठी सारखी, हाडंही साधारण सारखीच ठिसूळ झालेली. पहिली ओल्या अंगणात घसरते आणि धपकन बुडावर बसते. चार दिवस ठणकतं, शेक घेते, पुन्हा कामाला लागते. दुसरी स्वयंपाकघरात ओट्याकडून फ्रिजकडे वळताना तोल जाऊन एका अंगावर पडते. तिला उठताच येत नाही. एक पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. संध्याकाळपर्यंत डॉक्टर सांगतात की खुबा मोडलाय, ऑपरेशन करावं लागेल.

अशा वेळी घरात हमखास एक वाद होतो. पडल्यामुळे हाड मोडलं, की हाड आधीच मोडलं आणि म्हणून ती पडली? दुसरी गोष्टही घडू शकते, पण फार क्वचित. खुबा मोडण्याच्या दहापैकी नऊहून अधिक घटनांमध्ये आधी पडणं असतं. आणि पडण्यात सगळ्यांत जास्त महत्त्व असतं दिशेला. एका अंगावर पडलं तर खुबा मोडण्याचा धोका इतर कोणत्याही बाजूला पडण्याच्या तुलनेत सुमारे सहापट होतो. तेवढ्या एका बाजूचा, तळहाताएवढ्या जागेचा बचाव करता आला तर? हिप प्रोटेक्टर नावाची साधी वस्तू याच प्रश्नातून जन्माला आली: दोन्ही बाजूंना खिसे असलेली घट्ट चड्डी आणि त्या खिशांत बसवलेली दोन पॅड. ती काम कशी करते, कुणासाठी करते आणि कपाटात का पडून राहते, हे म्हाताऱ्या माणसांच्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं असं मला वाटतं.

म्हातारपणी माणूस बाजूला का पडतो?

तरुण माणूस झपाझप चालत असतो. ठेच लागली तर शरीराचा वेग त्याला पुढे नेतो, हात आपोआप समोर येतात आणि मोडलंच तर मनगट मोडतं. वय वाढतं तशी चाल मंदावते. मंद चालणारा किंवा नुसता उभा असलेला माणूस पुढे फेकला जात नाही, तो आहे तिथेच खाली येतो, बहुतेकदा एका बाजूला कलून. हातही वेळेवर पुढे येत नाहीत.

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात स्टीफन रॉबिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पडण्याचं प्रत्यक्ष चित्रीकरण केलं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या वृद्धनिवासांच्या जेवणघरांत, बैठकीच्या खोल्यांत आणि मार्गिकांत कॅमेरे बसवले आणि १३० जणांच्या २२७ वेळा पडण्याची दृश्यं तपासली. हा अभ्यास २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आपण घरात सगळा दोष निसरड्या फरशीला देतो. पण त्या दृश्यांमध्ये पाय घसरून पडण्याचं प्रमाण अवघं ३ टक्के होतं. अडखळून पडण्याचं २१ टक्के. सर्वांत मोठा वाटा, ४१ टक्के, होता शरीराचा भार चुकीच्या पद्धतीने सरकवण्याचा: वळताना, खुर्चीवरून उठताना, बसायला जाताना, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेताना. बाथरूममध्ये कॅमेरे नव्हते, त्यामुळे ओल्या लादीचा हिशेब यात नाही हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही फ्रिजकडे वळणारी आपली ती दुसरी बाई या दृश्यांत चपखल बसते. कोरड्या, सपाट, ओळखीच्या जमिनीवरच ती पडते.

मोडतं नेमकं काय

खुब्याच्या सांध्यात मांडीचं हाड कंबरेच्या हाडाला जोडलेलं असतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखं डोकं असतं, ते कंबरेच्या वाटीत बसतं. डोक्याला हाडाच्या दांड्याशी जोडणारा तिरका भाग म्हणजे हाडाची मान. मान जिथे दांड्याला मिळते तिथे बाहेरच्या अंगाला एक ठळक उंचवटा असतो. डॉक्टर त्याला ग्रेटर ट्रोकँटर म्हणतात. या लेखात त्याला नुसतं उंचवटा म्हणू.

हा उंचवटा तुम्हाला आत्ता शोधता येईल. उभे राहा, तळहात मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबरेच्या हाडाच्या कडेपासून साधारण वीतभर खाली ठेवा आणि त्या बाजूचं पाऊल टाचेवर फिरवून आत-बाहेर करा. हाताखाली एक टणक गोळा सरकताना जाणवेल. एका अंगावर पडल्यावर जमिनीला आधी टेकतो तो हाच. त्याच्यावर मांस आणि चरबीचा थर फार थोडा असतो, आणि त्याने घेतलेला धक्का थेट मानेकडे जातो.

मान या धक्क्यासाठी घडलेलीच नाही. आपण उभे असतो, चालतो, तेव्हा वरून येणाऱ्या भारामुळे मानेची खालची बाजू दाबली जाते. आयुष्यभर रोज दाब सोसून ती बाजू जाड आणि भक्कम राहते. मानेच्या वरच्या बाजूवर चालताना फारसा दाब येत नाही, आणि जिथे काम पडत नाही तिथे शरीर हाड राखत नाही. वयानुसार वरच्या बाजूचं कवच पातळ होत जातं. एका अंगावर पडल्यावर मात्र सगळं उलटतं. धक्का बाहेरून येतो आणि दाब पडतो तो याच पातळ झालेल्या वरच्या बाजूवर. ती चिरडली की मान तुटते. रोज चालणाऱ्या, काटक माणसाचाही खुबा एका पडण्यात का मोडतो याचं बरंचसं उत्तर इथे आहे. चालणं हाडांना चांगलंच, पण मानेच्या वरच्या भागाला त्याचा लाभ कमी मिळतो.

शतांश सेकंदांचा हिशेब

आता आकडे पाहू. ते मुद्दाम देतोय, कारण पॅडचं सगळं मर्म त्यांत आहे.

उभ्या माणसाचा खुबा जमिनीपासून पाऊण-एक मीटर उंचीवर असतो. तिथून बाजूला पडताना जमिनीला टेकण्याच्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास जातो. हिप प्रोटेक्टरच्या चाचण्या जगभर एकाच पद्धतीने व्हाव्यात म्हणून संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००९ मध्ये काही आकडे ठरवून दिले: वेग सेकंदाला ३.४ मीटर आणि आदळणारं वजन २८ किलो. माणसाचं वजन साठ किलो असलं तरी खुब्याबरोबर एकदम आदळतो तो शरीराचा काही भागच, म्हणून २८.

हा वेग शून्यावर यायला वेळ किती लागतो? सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले जेमतेम चार. एवढ्या अल्पकाळात एवढा वेग थांबवायचा तर जोर प्रचंड लागतो. वरच्या आकड्यांवरून हिशेब केला तर खुब्यावर येणारा जास्तीत जास्त जोर सुमारे ३,९०० न्यूटन निघतो. न्यूटन हे जोर मोजण्याचं एकक. एक किलो वजन हातात धरल्यावर जाणवतो तो जोर साधारण १० न्यूटन. म्हणजे क्षणभर जवळजवळ चारशे किलोंचा भार त्या उंचवट्यावर येतो.

आणि हाड किती सोसतं? प्रयोगशाळेत मृत्यूनंतर दान केलेली मांडीची हाडं एका अंगावर पडल्यासारखी ठेवून दाबून पाहिली गेली आहेत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात तिशीतल्या माणसांची हाडं सरासरी ७,२०० न्यूटनला मोडली, सत्तरीतल्यांची सरासरी ३,४४० न्यूटनला.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. येणारा जोर ३,९००, सोसण्याची ताकद ३,४४०. तफावत पाचशे न्यूटनसुद्धा नाही. मला या विषयात सर्वांत आशेची गोष्ट हीच वाटते. धक्का नाहीसा करण्याची गरजच नाही. तो पाचव्या हिश्श्याने कमी झाला तरी सरासरी हाड वाचतं. अर्थात सरासरीच्या खाली बरीच हाडं असतात, आणि काही जण याहून जोरात पडतात. पण गणित हाताबाहेर गेलेलं नाही.

निसर्गही हेच करतो. उंचवट्यावरचा मांस-चरबीचा थर एक मिलिमीटरने जाड असला तरी जोर सुमारे ७० न्यूटनने घटतो, असं मोजमापात आढळलं आहे. स्थूल आजीपेक्षा सडपातळ, वाळलेल्या अंगाच्या आजीचा खुबा जास्त वेळा का मोडतो, हे यावरून कळतं.

मऊ पॅड, कडक पॅड आणि चुंबळ

धक्का कमी करायचे मार्ग दोन. एक, थांबायला लागणारा वेळ वाढवायचा. दोन, जोर वेगळ्या जागी वळवायचा.

मऊ पॅड पहिला मार्ग धरतं. त्यात फोम किंवा त्यासारखा दबणारा पदार्थ असतो. पडल्यावर तो दबत जातो, दबायला वेळ लागतो, आणि चारऐवजी पाच-सहा शतांश सेकंद मिळाले तर जोर तेवढा उतरतो. अडचण जाडीची. फोम फार मऊ असेल तर तो पूर्ण दबून जमिनीला टेकतो आणि उरलेला धक्का हाडालाच बसतो. फार कडक असेल तर दबतच नाही. इंचभर जाडीत हे सगळं साधायचं असतं, कारण त्याहून जाड पॅड कपड्यांत लपत नाही आणि कुणी घालत नाही.

दुसरा मार्ग समजायला डोक्यावर हंडा घेऊन जाणारी बाई आठवा. हंड्याखाली ती चुंबळ ठेवते. चुंबळ कापडाचीच, पण मधे पोकळ. हंड्याचा भार टाळूच्या एका बिंदूवर न येता कडेने गोल वाटला जातो आणि टाळूला टोचत नाही. कडक हिप प्रोटेक्टरची रचना हीच आहे. बाहेरून घुमटासारखा प्लॅस्टिकचा कवचाकार तुकडा, आत फोमची कडा आणि उंचवट्यासमोर पोकळी. काही पॅड घोड्याच्या नालेच्या आकाराची असतात. पडल्यावर जोर हाडावर न जाता त्याच्या पुढच्या आणि मागच्या मांसल भागावर पडतो. तिथे काळंनिळं होईल, दोन दिवस ठणकेल, पण मांस भरून येतं.

बाजारातली सगळी पॅड सारखी नसतात, आणि हे खरेदी करणाऱ्याला क्वचितच सांगितलं जातं. रॉबिनोविच यांच्याच प्रयोगशाळेत विकत मिळणाऱ्या २६ प्रकारांची एकाच यंत्रावर तुलना झाली, तिचा अहवाल २०११ मध्ये आला. सर्वांत निकामी प्रकाराने जोर २.५ टक्क्यांनी कमी केला, सर्वांत चांगल्याने ४० टक्क्यांनी. आपल्या मघाच्या हिशेबात घालून पाहा. अडीच टक्क्यांनी ३,९०० चे ३,८०० होतात, हाड मोडतं. चाळीस टक्क्यांनी २,३४० होतात, हाड वाचतं. दोन्ही वस्तूंवर नाव मात्र एकच.

चौकट: घेताना आणि घालताना

विक्रेत्याला विचारा की हे पॅड जोर किती टक्के कमी करतं आणि चाचणी कोणत्या वेगाने झाली. आकडा देता येत नसेल तर दुसरा प्रकार बघा. माप घेताना कमरेचं नाही, नितंबांचा सर्वांत रुंद घेर मोजा. चड्डी सैल असेल तर पॅड मागे किंवा खाली सरकतं आणि ऐन वेळी उंचवट्यावर नसतंच. घातल्यावर पाऊल फिरवून उंचवटा शोधा, तो पॅडच्या मधोमध यायला हवा. उजवं-डावं वेगळं असेल तर अदलाबदल होऊ देऊ नका. पहिल्या आठवड्यात रोज रात्री त्वचा पाहा, लाल वळ उठत असतील तर माप किंवा प्रकार बदला. जोरात पडल्यावर पॅड वरून धड दिसलं तरी ते बदलून घ्या.

डेन्मार्क, फिनलंड, हॅम्बुर्ग

यंत्रावर पॅड चालतं हे कळलं. माणसांवर चालतं का?

१९९३ साली डेन्मार्कमधल्या लॉरिट्झन आणि सहकाऱ्यांनी एका वृद्धनिवासातला प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. प्रोटेक्टर दिलेल्या २४७ जणांपैकी ८ जणांचे खुबे मोडले, न दिलेल्या ४१८ जणांपैकी ३१ जणांचे. धोका निम्म्याहून कमी झाला होता. त्याहून बोलका तपशील पुढे आहे. ज्या आठ जणांचं हाड मोडलं त्यांच्यापैकी एकानेही पडताना प्रोटेक्टर घातलेलं नव्हतं.

फिनलंडमध्ये टॅम्पेरेच्या यूकेके संस्थेतले पेक्का कान्नुस आणि सहकारी यांनी प्रयोग मोठा केला. सरासरी ऐंशी ओलांडलेले, अशक्त पण हिंडते-फिरते १,८०१ वृद्ध. २००० साली निकाल आला. प्रोटेक्टर दिलेल्या ६५३ जणांमध्ये १३ खुबे मोडले, इतर १,१४८ जणांमध्ये ६७. धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी. त्या १३ पैकी ९ जणांनी पडताना ते घातलेलं नव्हतं, ४ जणांनी घातलं होतं. घातलेल्या वेळेपुरताच हिशेब केला तर बचाव ८० टक्क्यांहून जास्त भरला. चार जणांचा खुबा पॅड असूनही मोडला, हेही विसरून चालणार नाही. संपूर्ण खात्री ते देत नाही.

जर्मनीत हॅम्बुर्गला गॅब्रिएले मायर यांच्या गटाने निराळी वाट धरली. ४९ वृद्धनिवासांतल्या ९४२ जणांवरच्या या प्रयोगात त्यांनी नुसती पॅड वाटली नाहीत. आधी परिचारिकांना आणि रहिवाशांना बसवून, समजावून सांगितलं, घालून दाखवलं आणि मग पॅड फुकट दिली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात समजावून दिलेल्या गटात ४.६ टक्के जणांचा खुबा मोडला, दुसऱ्या गटात ८.१ टक्के. हॅम्बुर्गमध्ये पॅडइतकाच प्रभाव त्या समजावण्याचा होता असं मी मानतो.

मग डॉक्टर सरसकट का लिहून देत नाहीत?

कारण पुढचे निकाल इतके सरळ आले नाहीत. ब्रिटनमध्ये २००४ साली घरी राहणाऱ्या चार हजारांहून अधिक वयस्क महिलांवरचा प्रयोग जाहीर झाला आणि त्यात काही फायदा दिसला नाही. बऱ्याच जणींनी काही महिन्यांतच ते घालणं सोडलं होतं.

अमेरिकेतला निकाल अधिक कोड्यात टाकणारा होता. तिथे ३७ वृद्धनिवासांतल्या १,०४२ जणांना एकाच बाजूला पॅड असलेली चड्डी दिली गेली. कल्पना हुशारीची होती: एकाच माणसाचा पॅडवाला खुबा आणि बिनपॅडचा खुबा यांची तुलना करायची, म्हणजे वय, आजार, औषधं यांचा प्रश्नच मिटतो. घालण्याचं प्रमाणही चांगलं, ७४ टक्क्यांच्या जवळ. पण वीस महिन्यांनी प्रयोग थांबवावा लागला, कारण पॅड असलेल्या बाजूला ३.१ टक्के खुबे मोडले आणि नसलेल्या बाजूला २.५ टक्के. फरक किरकोळ, पण फायदा तर नाहीच. एकाच बाजूला जाडी असल्याने तोल आणि पडण्याची बाजू बदलत असेल, अशी शंका टीकाकारांनी घेतली. त्या एका विशिष्ट पॅडवरून सगळ्यांचा न्याय करू नये, असंही म्हटलं गेलं. मला दुसरं म्हणणं अधिक पटतं, कारण २६ प्रकारांच्या तुलनेनंतर ‘हिप प्रोटेक्टर चालतात का’ हा प्रश्नच अपुरा वाटतो. कोणतं पॅड, हे आधी ठरलं पाहिजे.

वेगवेगळ्या प्रयोगांची एकत्र छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१४ साली जो आढावा दिला तो असा: शुश्रूषेची सोय असलेल्या वृद्धनिवासांत प्रोटेक्टर दिल्यास दर हजार माणसांमागे सुमारे ११ खुबे वाचतात. घरी राहणाऱ्यांमध्ये फारसा फरक दिसत नाही. हे आकडे वाचताना एक गोष्ट नजरेआड करू नये. ‘दिलेलं’ आणि ‘घातलेलं’ यांत अंतर आहे, आणि या आढाव्यात ज्यांना ते दिलं त्या सगळ्यांचा हिशेब आहे, कपाटात ठेवून दिलेल्यांसकट. रुग्णाचं घर चालवणाऱ्या माणसाला यातून कळतं ते एवढंच की नुसतं विकत आणून भागत नाही.

परकर, नाडी आणि रात्रीची फेरी

न घालण्याची कारणं फार घरगुती आहेत. ती टाळून या विषयावर बोलणं व्यर्थ आहे.

पहिलं कारण संडास. घाई झालेली असते, गुडघे वाकत नाहीत आणि घट्ट चड्डी खाली ओढायची असते. ती ओढताना तोल जाण्याची भीतीही खरी असते. म्हणून जांघेत उघडी असलेली, डायपरवरून घालता येणारी रचनाही निघाली आहे. आपल्याकडे पाचवारी नेसणाऱ्या आजीच्या अंगावर परकर असतो, त्याची नाडी नेमकी कंबरेच्या कडेवर बसते. चड्डी परकराच्या आत, नाडीच्या खाली यायला हवी, नाहीतर नाडी आवळली की पॅड वर ओढलं जातं. नऊवारीत काष्टा असल्याने बाजूचा फुगवटा झाकला जातो, पण काढघाल अवघड होते. घरात गाऊन वापरणाऱ्या बाईला हे सगळ्यांत सोपं जातं. पुरुषांना पायजम्याखाली ते सहज घालता येतं, पण लेंग्याची नाडी आणि चड्डीचं इलॅस्टिक एकावर एक आलं की पोटावर काचतं.

दुसरं कारण रात्र. प्रोटेक्टर दिवसा घालायची वस्तू आहे अशी समजूत असते. पण अंधारात, झोपेच्या गुंगीत, कधी रक्तदाबाच्या गोळीमुळे डोकं हलकं झालेलं असताना अंथरुणातून उठून लघवीला जाणं ही पडण्याची अगदी ठरलेली वेळ. कडक कवचावर कुशीवर झोपवत नाही, म्हणून रात्री मऊ पॅडच योग्य. दिवसा कडक आणि रात्री मऊ असा दोन्हींचा संसारही काही घरांत चालू शकतो, पण ज्या घरात एकच घेणं परवडतं तिथे जे रात्रीही अंगावर राहील ते घ्यावं.

तिसरं कारण धुणं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये साधी बनियनसुद्धा दोन दिवस दमट राहते, फोमचं पॅड शिवलेली चड्डी तर विचारूच नका. एकच जोड असेल तर पावसाळ्याचे चार महिने ती दोरीवरच. पॅड काढून कापड धुता येईल असा प्रकार आणि किमान तीन चड्ड्या, हा हिशेब आधीच धरावा.

आणि मग माणसाचं मन. ‘मी काय लहान मूल आहे का?’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवावी लागते. कंबर जाड दिसते ही तक्रार ऐंशीव्या वर्षीही तितकीच खरी असते आणि तिला हसण्यावारी नेणं चूक आहे. सासूबाईंना सुनेने सांगण्यापेक्षा त्यांच्याच वयाच्या, स्वतः घालणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं तर ते गळी उतरतं. मुलाने वडिलांसमोर पाकीट ठेवून ‘घाला’ म्हणण्यापेक्षा आधी त्यांना स्वतःचा उंचवटा शोधून दाखवावा, हिशेब सांगावा. ज्यांनी आयुष्यभर हिशेब केले त्यांना तो समजतो. हॅम्बुर्गमध्ये परिचारिकांनी केलं ते हेच होतं.

फरशी मऊ केली तर?

माणसाला काही घालायला लावण्यापेक्षा जमीनच मऊ करावी, हा विचार सोपा वाटतो. कॅनडात बर्नबी इथल्या एका वृद्धनिवासात १५० खोल्यांमध्ये तो तपासला गेला. निम्म्या खोल्यांत वरच्या आच्छादनाखाली इंचभर जाडीचा दबणारा थर, उरलेल्यांत तेवढ्याच जाडीचं प्लायवुड. चार वर्षं नोंदी ठेवल्या. २०१९ साली निकाल आला तेव्हा पडून होणाऱ्या गंभीर दुखापतींमध्ये फरक आढळला नाही. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली वस्तू घरात गेल्यावर का हरते, हा प्रश्न इथेही उरला.

हवेची पिशवी असलेले पट्टेही आता मिळू लागले आहेत. पट्ट्यातला संवेदक शरीराची हालचाल सतत मोजत असतो. पडणं सुरू झालं हे ओळखून जमिनीला टेकण्याच्या आत, म्हणजे सेकंदाच्या काही दशांशांत, तो दोन्ही बाजूंच्या पिशव्या फुगवतो. एरवी पट्टा सपाट राहत असल्याने जाडीचा प्रश्न उरत नाही. पण तो महाग असतो, चार्ज करावा लागतो, एकदा फुगल्यावर वायूची नळकांडी बदलावी लागते, आणि धपकन खुर्चीत बसणं व पडणं यांत त्याची गल्लत होता कामा नये. रात्री लघवीला उठणारी आजी तो आठवणीने बांधेल का, हा प्रश्न इथेही लागू आहे.

कुणाला खरंच घ्यावं

ठणठणीत, रोज फिरायला जाणाऱ्या पासष्टीच्या माणसाला याची गरज नाही. त्याने तोलाचे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम करावेत, कारण प्रोटेक्टर पडणं थांबवत नाही, तोल सुधारणारे व्यायाम ते कमी करतात. गरज आहे ती वर्षभरात दोन-तीनदा पडलेल्यांना, पार्किन्सन किंवा पक्षाघाताने चाल बिघडलेल्यांना, ज्यांचं अंग वाळलंय आणि हाडांची घनता कमी निघाली आहे अशांना. हाडं बळकट करणारी औषधं सुरू केली तरी त्यांचा परिणाम यायला बरेच महिने जातात. तेवढ्या मधल्या काळात पॅड उपयोगी पडतं, औषधाऐवजी नाही, औषधाबरोबर.

आणि आणखी एक गट आहे, ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. एका बाजूचा खुबा मोडून ऑपरेशन झालेले लोक. त्या बाजूला आता सळी किंवा कृत्रिम सांधा आहे. दुसऱ्या बाजूचं हाड तितकंच ठिसूळ आहे, चाल आधीपेक्षा डळमळीत झाली आहे आणि पडण्याची शक्यता वाढली आहे. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या, व्यायाम आणि टाके काढायची तारीख लिहिलेली असते. दुसऱ्या खुब्याबद्दल बहुधा काही नसतं. तो प्रश्न नातेवाइकांनी त्याच दिवशी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारावा, आणि पॅड घ्यायचं ठरलं तर रुग्णालयातच, फिजिओथेरपिस्टसमोर, ते एकदा घालून आणि काढून पाहावं.